घरचं नेट गेलं की माउस मुलांच्या हातात द्या

मंडळी, पोस्ट मोठी आहे. दुसरा चहा घेऊन वाचा, नाहीतर लाँड्रीच्या घड्या घालता घालता वाचा.

सप्टेंबरमधला एक रविवार. संध्याकाळचे सात वाजलेले. नवरा ऑफिसच्या कामासाठी डॅलसला. मुलगी आठवीत आहे, तिला सायन्सचा एक व्हिडिओ रात्री ११:५९ पर्यंत सबमिट करायचा होता. व्हिडिओ एडिट केलेला घरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे फाइलही तिथेच. आणि नेमकं त्या कॉम्प्युटरचं नेट गेलेलं. खाली उजव्या कोपऱ्यात ते पृथ्वीचं छोटं चित्र आणि ‘नो इंटरनेट’.

मी काय काम करते ते आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला जास्त मजा येईल. गेली पंधरा वर्षं मी न्यू जर्सीत एका हॉस्पिटलच्या आयटी हेल्पडेस्कवर आहे. ‘माझा कॉम्प्युटर कनेक्ट होत नाहीये’ हे वाक्य माझ्या पोटापाण्याचं वाक्य आहे. रात्रपाळीची नर्स घाईघाईत फोन करते तेव्हा मी अगदी लोण्यासारख्या आवाजात विचारते, तुमच्या शेजारचा कॉम्प्युटर चालतोय का? फक्त हाच बंद आहे की सगळेच? ‘तुम्ही काय केलंत?’ असं मी पंधरा वर्षांत एकदाही विचारलेलं नाही. तसं विचारलं की समोरचा माणूस गप्प होतो आणि खरी माहिती मिळायची बंद होते, हे आम्हाला पहिल्या आठवड्यातच शिकवतात.

त्या रविवारी घरी माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य होतं, “काय केलंस? परत काहीतरी डाउनलोड केलंस ना?”

‘परत’ म्हणजे, उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने एकदा एक गेम उतरवला होता आणि त्याच्याबरोबर बरंच काही नको ते आलं होतं. ती म्हणाली, नाही गं आई, काहीच नाही केलं. मी म्हटलं, मग आपोआप झालं का? आणि खुर्चीतून तिला उठवून माउस हातात घेतला.

पुढची पन्नास मिनिटं मी काय काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. विंडोजचा ट्रबलशूटर चालवला. वायफायचा ड्रायव्हर काढून परत टाकला. अँटिव्हायरस बंद केला. राउटर बंद-चालू केला. शेवटी ‘नेटवर्क रीसेट’सुद्धा केलं, ज्याने कॉम्प्युटर सगळे साठवलेले वायफाय पासवर्ड विसरतो. एकामागून एक पाच गोष्टी बदलल्या, मध्ये थांबून कुठल्या गोष्टीने काय फरक पडला हे बघितलं नाही. हेल्पडेस्कवर कोणी असं वागलं तर मी त्याला बाजूला घेऊन समजावते.

आणि हे सगळं चालू असताना धाकटा शेजारच्या खोलीत, त्याच वायफायवर, आयपॅडवर कार्टून बघत होता. मी राउटर बंद केला तेव्हा त्याने तिथून ओरडून तक्रारसुद्धा केली. म्हणजे घरातलं नेट उत्तम चालू आहे असा पुरावा मोठ्या आवाजात माझ्या कानावर येत होता, आणि मी ड्रायव्हर उपटत बसले होते.

मुलगी खुर्चीच्या मागे उभी. तोपर्यंत रडून झालेलं. ती म्हणाली, “आई, यू डोन्ट टॉक टू आबा लाइक दिस.”

हे वाक्य समजायला तुम्हाला त्याच आठवड्यातल्या मंगळवारचा फोन सांगायला हवा. माझे वडील, आबा, सांगलीला विश्रामबागेत असतात. वय ७६. त्यांचं घरचं नेट गेलं की मोबाइलच्या डेटावरून मला व्हॉट्सॲप कॉल येतो. त्या दिवशीही आला. आबा, डब्यावर किती दिवे लागलेत? थांब, चष्मा आणतो. (दोन मिनिटं.) दिवा एकही नाही. बरं, पिन भिंतीत नीट आहे का? आहे. बटण चालू आहे का? कुठलं बटण? पंचवीस मिनिटांनी निघालं ते एवढंच, की कामाच्या मावशींनी झाडताना टेबल सरकवलं होतं आणि बटण बंद झालं होतं. आबा हसले, मी हसले. पंचवीस मिनिटांत ‘कोणी केलं?’ हा प्रश्न ना मी विचारला, ना त्यांनी. मुलगी शेजारी बसून पोहे खात सगळं ऐकत होती.

आता तुम्ही स्वतःला विचारून बघा. इथल्या बहुतेक घरांत हे असंच आहे ना? तिकडच्या आईवडिलांसाठी आपल्याकडे देवासारखा धीर असतो, आणि शेजारी बसलेल्या पोरासाठी तीस सेकंदसुद्धा नसतात. प्रेम कमीजास्त असतं म्हणून हे होत नाही. फोनवरून माउस हिसकावता येत नाही, इतकं साधं कारण आहे. हात पोचत नाही म्हणून तोंडाने विचारावं लागतं, आणि क्रमाने विचारलं की बिघाड सापडतो. घरात हात पोचतो, म्हणून विचारणं राहून जातं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. घरातला कॉम्प्युटर नेटला जोडला जात नसेल तर हात पाठीमागे बांधा, मुलाला खुर्चीवर बसवा, आणि सांगलीला किंवा साताऱ्याला फोनवर बोलताय असं समजून बोला. ‘कोणी केलं’ हे विचारूच नका. ‘कुठे अडलंय’ हे शोधायला लावा.

त्या रात्री मी उठले आणि तिला खुर्ची दिली. पहिला निर्णय तिचाच. ती म्हणाली, आधी माझा असाइनमेंट जाऊ दे. माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावला, कॉम्प्युटर त्याला जोडला, व्हिडिओ पावणेनऊला गेला. इथे बरेच जण म्हणतील, मग संपलं की! हॉटस्पॉट द्यायचा आणि झोपायचं. डॅलसहून नवऱ्याचाही हाच मेसेज होता. पण मुलगी स्क्रीनकडे बघत हळूच म्हणाली, “म्हणजे कॉम्प्युटर ठीक आहे. म्हणजे मी काही बिघडवलेलं नाही.”

बरोबर होतं तिचं. त्या कॉम्प्युटरचं वायफाय, ड्रायव्हर, ब्राउझर सगळं शाबूत होतं, नाहीतर हॉटस्पॉटवरही चाललं नसतं. नेट नसताना हॉटस्पॉट लावून बघणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे, आणि मी ती पन्नास मिनिटं केली नव्हती, कारण मला आरोपी आधीच सापडला होता.

मग ती चिकटली. पुढचं थोडं तांत्रिक आहे, पण आमच्या घरात ते कसं बोललं गेलं तसंच सांगते. मुलांना ते कळतं आणि तुम्हालाही कळेल.

तुमचा राउटर म्हणजे आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन समजा. घरातलं प्रत्येक यंत्र आत आलं की वॉचमन त्याला एक फ्लॅट नंबर देतो. हा नंबर बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होतो, काही ठिकाणी १० ने. हे आकडे खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, म्हणून तुमच्या घरात आणि माझ्या घरात एकच नंबर असला तरी काही बिघडत नाही. ‘फ्लॅट नंबर ४७’ पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांत असेलच की. बाहेरच्या जगाशी बोलायचं ते वॉचमनमार्फत.

तर पहिला प्रश्न, फ्लॅट नंबर मिळालाय का? विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडायचा आणि इंग्रजीत सलग ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करायचं. तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला तर समजायचं की वॉचमनने नंबर दिलेलाच नाही. कॉम्प्युटरने वाट बघितली, कोणी बोललं नाही, म्हणून स्वतःच चिठ्ठीवर एक नंबर लिहून छातीला लावून घेतला. अशा वेळी वायर, वायफाय आणि राउटर एवढंच बघायचं, पुढे जाऊच नका. आमच्याकडे १९२.१६८.१.४७ होता, म्हणजे नंबर मिळालेला.

दुसरा प्रश्न, वॉचमन हाकेला ओ देतो का? त्यासाठी ‘पिंग’ आणि पुढे राउटरचा पत्ता. तो त्याच यादीत ‘डीफॉल्ट गेटवे’ समोर लिहिलेला असतो. ओ आली, अगदी चटकन.

तिसरा प्रश्न, गेटबाहेरचं कोणी ओ देतं का? ‘पिंग ८.८.८.८’. हा गुगलचा सार्वजनिक पत्ता आहे, २००९ पासूनचा, आणि लक्षात ठेवायला सोपा म्हणून जगभर लोक त्यालाच हाका मारतात. इथे आमच्याकडे शांतता. चारही वेळा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’.

चौथा प्रश्न आमच्याकडे आला नाही, पण पुष्कळ घरांत येतो. ८.८.८.८ ओ देतो, पण कुठलीच वेबसाइट नाव टाकून उघडत नाही. म्हणजे रस्ता ठीक आहे, फक्त नावावरून नंबर सांगणारी डिरेक्टरी हरवली आहे. त्या डिरेक्टरीला डीएनएस म्हणतात, पॉल मोकापेट्रिस यांनी ती १९८३ मध्ये रचली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये माइक म्यूस नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने ‘पिंग’ लिहिलं. त्याचं नेटवर्क विचित्र वागत होतं, कुठे अडतंय ते शोधायला त्याला काहीतरी हवं होतं, म्हणून त्याने एका रात्रीत बसून छोटा प्रोग्रॅम लिहिला. नाव ठेवलं पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून. आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी येतो का ऐकायचं. ही गोष्ट मी मुलीला सांगितली तेव्हा तिला कमांडपेक्षा ती जास्त आवडली. नेट बिघडलं म्हणून चिडून बसलेला माणूस चाळीस वर्षांपूर्वीही होता, आणि त्याने काय केलं बघ!

असो. आता आमचा हिशोब जुळवा. कॉम्प्युटर ठीक. वायफाय ठीक. वॉचमन ओ देतो. धाकट्याचा आयपॅड त्याच वॉचमनच्या गेटमधून मजेत बाहेर जातोय, म्हणजे कंपनीकडून येणारं नेटही ठीक. मुलीने खुर्ची गर्रकन फिरवली आणि म्हणाली, “वॉचमन फक्त यालाच बाहेर सोडत नाहीये. का?”

मी राउटरचं ॲप उघडलं. आणि मंडळी, तिथे माझंच पाप होतं. शुक्रवारी रात्री धाकटा गेमिंग लॅपटॉप सोडायला तयार नव्हता. मी वैतागून ॲपमध्ये जाऊन त्याच्या लॅपटॉपला ‘पॉज’ केलं होतं. विंडोजच्या कॉम्प्युटरला आपण नाव दिलं नाही तर ते स्वतःच ‘डेस्कटॉप’ आणि पुढे अगम्य अक्षरं असं नाव घेतात. यादीत असे दोन होते. मी चुकीच्या डेस्कटॉपला पॉज केलं होतं. धाकटा माझ्या आवाजाला घाबरून झोपला, म्हणून मला वाटलं पॉज चाललं. शनिवारी आम्ही दिवसभर बाहेर. रविवारी भोगलं मुलीने.

मी सॉरी म्हटलं. तिने “इट्स ओके” म्हटलं, पण ते ‘इट्स ओके’ कसं असतं ते टीनएजरच्या आईबापांना माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तिने घरातल्या सगळ्या यंत्रांना नावं दिली. राउटरच्या यादीत आता ‘ताईचा मोठा’, ‘बंड्याचा गेमवाला’ आणि ‘बाबांचा ऑफिसचा, हात लावू नका’ अशी नावं दिसतात.

या सगळ्यावर इथे काय काय प्रतिक्रिया येतील त्याचा मला अंदाज आहे.

एक म्हणजे, “आता एआयला विचारलं की सगळं सांगतं, मुलांना हे कशाला?” विचारा की, फोनवरून जरूर विचारा. पण ‘नेट चालत नाही’ एवढंच विचारलंत तर तो तुम्हाला पंधरा उपाय देईल, आणि तुम्ही माझ्यासारखे एकामागून एक पंधराही करत सुटाल. ‘राउटर ओ देतो, ८.८.८.८ देत नाही, दुसरी यंत्रं चालतात’ एवढं सांगता आलं तर तोच एआय एका ओळीत उत्तर देईल. प्रश्न नेमका करायला डोकं आपलंच लागतं.

दुसरं, “आमच्याकडे नवरा आयटीत आहे, तोच बघतो.” ही तर आपल्या घरांची खास गोष्ट आहे. एक माणूस सगळं करतो, बाकीचे ‘बाबा आले की बघतील’ म्हणत बसतात, आणि त्यात बऱ्याचदा आईसुद्धा असते, जी दिवसभर बँकेत नाहीतर लॅबमध्ये यापेक्षा अवघड कामं करते. मग बाबा विमानात असतात त्या रात्री घर आंधळं. शिवाय बाबा काय करतात तेही कोणाला दिसत नाही, कारण ते पाठ करून बसतात आणि दोन मिनिटांत ‘झालं’ म्हणतात. हुशार माणसाच्या घरात मुलं जास्त परावलंबी असतात असं मी आता धाडसाने म्हणते. शिव्या द्यायच्या तर द्या.

तिसरं, “रीस्टार्ट केलं की नव्वद टक्के वेळा चालतं.” आकडा सोडून द्या, पण हो, चालतं. रीस्टार्टला माझा विरोध नाही. पिन काढा, अर्धा मिनिट थांबा, आधी मोडेम लावा, त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर. पण मुलांना रीस्टार्ट आणि रीसेट यातला फरक ओरडून ओरडून सांगा. राउटरच्या मागे टाचणीचं जे बारीक भोक असतं ते दाबून धरलं की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. वायफायचं नाव, पासवर्ड सगळं जातं, आणि मग टीव्हीपासून थर्मोस्टॅटपर्यंत प्रत्येक वस्तू नव्याने जोडत बसावं लागतं. एका मैत्रिणीच्या घरी दिवाळीच्या पार्टीच्या दोन तास आधी हे झालेलं आहे. यापुढे मी लिहीत नाही, ती या ग्रुपवर आहे.

आणि एक गोष्ट जी मला खरंच काळजीची वाटते. कुठे अडलंय हे ज्याला शोधता येत नाही, तो घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाला फोन करणारे पुष्कळ असतात. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड आहे, हे ॲप घाला, आम्ही इथून दुरुस्त करतो.’ दुसऱ्याच्या हातात स्क्रीन देणाऱ्या असल्याच एका ॲपबद्दल भारतात रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना इशारा दिला होता. आपले आईबाप तिकडे एकटे असतात, आपली मुलं इथे दुपारी तीन ते सहा एकटी असतात. ‘तुम्हाला कसं कळलं माझं नेट बंद आहे?’ असं उलट विचारण्याची हिंमत ज्याला यंत्राची थोडी तरी ओळख आहे त्यालाच होते.

आता मराठीचं. हा आईबापांचा ग्रुप आहे म्हणून सांगते. आम्ही मुलीला सहा वर्षं रविवारच्या मराठी शाळेत नेलं. फळं, रंग, नातेवाईक, दिंडीचा निबंध सगळं झालं. पण मराठीत एखादं काम पूर्ण करायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. त्या रात्री आमचं सगळं बोलणं मराठीत झालं, मुद्दाम नाही, वॉचमनमुळे. अडलंय, सुटलं, ओ देत नाही, चिठ्ठी लावून बसलाय. इंग्रजीत हे बोलायला गेलो असतो तर मी पुन्हा हेल्पडेस्क झाले असते आणि ती पुन्हा क्लास ऐकणारी.

परवा रात्री साडेनऊला, म्हणजे सांगलीत सकाळी सातला, आबांचा फोन आला. नेट गेलंय. मी भांडी लावत होते, हात ओले, म्हणून फोन तिने घेतला. मी नळ बारीक केला आणि ऐकत राहिले.

“आबा, तुमचा टीव्ही पण बंद आहे का फक्त टॅब? ... टीव्ही पण. ओके. डब्यावर दिवे आहेत? ... चष्मा आणा, मी थांबते.”

थांबली. खरंच थांबली, गुणगुणत.

“लाल आहे? लुकलुकतोय का स्थिर आहे? ... लुकलुकतोय. त्याच्या खाली काय लिहिलंय? एल, ओ, एस? आबा, मग ते तुमच्या घरातलं नाहीये. बाहेरून जी फायबरची वायर येते ना, तिथे अडलंय. तुम्ही काही बंद-चालू करू नका, केबलवाल्या काकांना फोन करा आणि सांगा, एलओएस लाल आहे. ... नाही आबा, तुम्ही काही नाही केलं. मावशींनी पण नाही केलं.”

मग पलीकडून आबा काहीतरी बराच वेळ बोलत होते आणि ती हसत होती. मी विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, “ते म्हणाले आईला सांग, यापुढे मी डायरेक्ट तुलाच फोन करणार.”